वेंडलरची बाजू

आमच्या गावात बस उशिरा आली की लोक ड्रायव्हरला नावं ठेवत नाहीत, याकोब वेंडलरला ठेवतात. वेंडलरला जाऊन शंभरावर वर्षं झाली आहेत. तरी पावसात छत्री सावरत उभी असलेली एखादी आजी शेजारणीला म्हणते, "वेंडलरची कृपा," आणि शेजारीण मान डोलावते. बस थांब्याच्या मागेच त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. त्यामुळे ही बोलणी त्याच्या तोंडावर होतात, माघारी कोणी काही बोलतं असं नाही.

या माणसाची बाजू मांडणं हा माझा धंदा होता. मी वकील नव्हे, गाइड. जर्मनीत लहानशा गावालाही स्वतःचे गाइड असतात. नगरपालिकेची पर्यटन कचेरी शनिवार-रविवारी फेऱ्या काढते, लोक तिकीट काढून येतात आणि गाइडच्या मागे गल्लीबोळ हिंडत गावाच्या गोष्टी ऐकतात. आपल्याकडे गाइड म्हटलं की अजिंठा-वेरूळ लागतं. इथे दोन बुरूज आणि एक हौद असला तरी फेरी निघते, आणि माणसं खरोखर येतात, तीही छत्र्या घेऊन.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. तिथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होते. श्रीकांत मेकॅनिकल इंजिनियर. स्टुटगार्टजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आले, आणि ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. स्टुटगार्टातली भाडी बघून आम्ही नेकार नदीकाठच्या या गावात घर घेतलं. भाडं कमी होतं, कारण गावाला एस-बान, म्हणजे शहराची लोकल गाडी, नाही. ती नदीपलीकडच्या गावातून जाते. तिथपर्यंत बसने जायचं आणि बस चुकली की वेंडलरच्या नावाने बोटं मोडायची. पहिली दोन वर्षं मीही मोडली.

तेव्हा मी कोण होते? व्हिसाच्या कागदावर होते तीच, श्रीकांतची बायको. मुलगी रेवा किंडरगार्टनला गेली की मी खिडकीत बसून इतिहासाची बाई असल्याचं आठवायची. शिकवणं सुटलं याचं मला जे वाटत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. श्रीकांतनी ते ओळखलं असावं. प्रौढांच्या जर्मनच्या वर्गाला त्यांनीच नाव घातलं, आणि त्याच वर्गाच्या फळ्यावर एक दिवस मी जाहिरात वाचली की गावाला गाइड हवे आहेत, प्रशिक्षण मिळेल.

हिवाळाभर प्रशिक्षण झालं. शेवटी पर्यटन कचेरीच्या प्रमुख फ्राऊ, म्हणजे श्रीमती, केलर यांनी विषय वाटले. एकाला द्राक्षमळे आणि वाइन, एकाला कंदील घेऊन फिरणारा रातपहारेकरी, एकीला जुनी लाकडी घरं. मी सगळ्यांत नवी, त्यात परकी. माझ्या पानात उरलंसुरलं पडलं. "फ्राऊ यागताप," त्या म्हणाल्या. जगतापचं इथे यागतापच होतं. "वेंडलरची फेरी कोणी घेत नाही. तुम्ही घेऊन बघा. लोक आले तर तुम्हाला कायम करू. नाही आले तर फेरी बंद करू, मग आमच्याकडे दुसरा विषय नाही."

म्हणजे वेंडलर टिकला तर मी टिकणार.

हा वेंडलर कोण? कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. नदीकाठची गेर्बरगास्से, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, आजही आहे. आता तिथे आइस्क्रीमचं दुकान आहे. त्या काळी तिकडून वारा सुटला की बाजारातली माणसं नाकाला रुमाल लावत. पोरगा हुशार म्हणून पाद्र्याने शिष्यवृत्ती मिळवून दिली, तो कायदा शिकला आणि वकील होऊन परत आला. गरिबांना जंगलात सरपण वेचू द्यावं म्हणून त्याने खटले लढवले आणि बहुतेक हरला. १८४८ साली जर्मनीभर क्रांतीची लाट आली तेव्हा तो चौकात पिंपावर उभा राहून बोलला. लाट ओसरल्यावर त्याबद्दल किल्ल्यावर कैदेत पडला. सुटला तेव्हा केस पांढरे झाले होते आणि अशिलं दुसऱ्या वकिलाकडे गेली होती. तरी पुढे गावाने त्याला निवडून प्रांताच्या विधिमंडळात, लांडटागमध्ये, पाठवलं आणि मरेपर्यंत पाठवत राहिलं. इथपर्यंत सगळं कौतुकाचं आहे. मग आली रेल्वे.

सरकारने नेकारच्या खोऱ्यातून लोहमार्ग काढायचं ठरवलं. आमच्या काठाने न्यायचा तर पुलाच्या खर्चाचा मोठा वाटा गावाने उचलावा, ही अट. गावाच्या तिजोरीत एकाच कामापुरती पुंजी होती. आणि त्याच काळात दर उन्हाळ्यात गावात विषमज्वर यायचा आणि मुलं घेऊन जायचा. वेंडलरने गावसभेत उभं राहून सांगितलं की दोष विहिरींचा आहे. कातड्यांच्या कुंडांचं पाणी त्यांत झिरपतं. स्वतःच्या बापाच्या धंद्याकडे बोट दाखवून सांगितलं. आधी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी नळाने आणू, रेल्वेचं मागून बघू. गावाने कुरकुरत ऐकलं. पाणी आलं. रेल्वे पलीकडच्या गावाला गेली आणि पुन्हा कधी वळली नाही. पलीकडे कारखाने आले, बँका आल्या, सिनेमागृह आलं, शेवटी एस-बान आली. आमच्या वाट्याला बस.

साथ थांबली, हे कोणी नाकारत नाही. पण जी मुलं मेली नाहीत त्यांची आठवण कोण काढतो? न आलेली रेल्वे मात्र रोज सकाळी थांब्यावर भेटते.

वेंडलरचं वाचता वाचता मी त्याच्या प्रेमात पडले, हे कबूल करते. श्रीकांत म्हणायचे, "अगं, जेवताना तरी त्याला बाहेर ठेव." पण शाळेत मी इतकी वर्षं मोठे मोठे पुढारी शिकवले, त्यांत एकालाही असा साधा हिशेब करावा लागलेला मला आठवत नव्हता, की एक मिळेल, दोन नाही, बोला काय हवं.

या धंद्याच्या काही गोष्टी बाहेरच्या माणसाला माहीत नसतात. चालताना बोलायचं नाही, मागच्यांना ऐकू जात नाही आणि ते चिडतात. उभं राहायचं ते सूर्याकडे तोंड करून. ऊन आपल्या डोळ्यांत गेलं तरी चालेल, पाहुण्यांच्या जाता कामा नये. पाठीशी भिंत असावी म्हणजे घसा वाचतो. सनावळी शक्यतो सांगू नये. प्रत्येक फेरीत एक सर्वज्ञ असतो, बहुधा निवृत्त, बहुधा पुरुष. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला नकाशा धरायला द्यायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे स्वतःबद्दल बोलायचं नाही. लोक गाव बघायला आलेले असतात, गाइड नव्हे.

माझ्या पहिल्या फेरीला तीन माणसं आली. त्यांतला एक पुरुष आणि एक लहान मुलगी यांना मी सकाळीच उपमा करून घातला होता. श्रीकांत अनोळखी पाहुण्यासारखे चेहरा करून प्रश्न विचारत होते, आणि रेवा मध्येच मोठ्याने म्हणाली, "मामा, इश मुस पिपी," म्हणजे आई, मला शू लागली. तिसऱ्या होत्या फ्राऊ केलर, तपासायला आलेल्या. त्यांनी कागदावर उपस्थिती लिहिली ती एक. स्वतःला आणि माझ्या घरच्यांना त्या मोजणार नव्हत्या. पण मग तो एक कोण? मागे वळून पाहिलं तर बस थांब्याच्या बाकावर एक म्हातारा बसून सगळं ऐकत होता. तिकीट त्याने काढलं होतं, पण उठायची तसदी घेतली नव्हती.

ते हेर बॉयर्ले. इथे हेर म्हणजे श्रीयुत. निवृत्त बस ड्रायव्हर. आमच्या गावातून पलीकडच्या स्टेशनपर्यंत जाणारी बस चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गावात वेंडलरवर राग धरायचा सगळ्यांत जास्त हक्क कोणाला असेल तर यांना. माझं बोलून झाल्यावर ते इकडच्या अस्सल श्वाबियन बोलीत म्हणाले, "पाणी काय, दहा वर्षांनी आलंच असतं. रेल्वे एकदाच येते." मला तेव्हा त्यांची बोली निम्मीच कळायची, पण हे वाक्य पुरतं कळलं. नियमाप्रमाणे मी त्यांना नकाशा धरायला दिला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

पुढच्या शनिवारी ते परत आले. त्याच्या पुढच्याही. कधी आणखी दोघंतिघं असत, कधी ते एकटेच. एकट्यासाठीही मी पूर्ण फेरी केली, आणि त्यांनी प्रत्येक ठिकाणी हरकत घेतली. मी घरी येऊन वाचायची आणि पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायची. त्यांना पटायचं नाही. "आल्झो, बरं तर, फ्राऊ यागताप," ते म्हणायचे, "तुम्ही माझ्या बसमध्ये जानेवारीत बसून बघायला पाहिजे होतं."

एकदा श्रीकांतच्या कंपनीत पुण्याहून पाहुणे आले, पुरवठादारांकडचे इंजिनियर आणि सुपरवायझर. मी त्यांच्यासाठी मराठीत फेरी केली. या गावात वेंडलरचं चरित्र मराठीत सांगणारी मी पहिली आणि बहुधा शेवटची. त्यातल्या एका काकांनी विचारलं, "हा कुठल्या समाजाचा म्हणायचा?" मी म्हटलं, "कातडी कमावणाऱ्यांचा." काकांनी विषय बदलला, जेवायला कुठे जायचं ते विचारलं. सगळे पुढे गेल्यावर एक सुपरवायझर मागे राहिला होता. तो अर्धपुतळ्याशेजारी ताठ उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, एक फोटो काढा. दोघांचे चेहरे नीट येऊ द्या." मी चार काढले. आजवर काढलेल्या फोटोंत मला ते सगळ्यांत आवडतात.

पण माणसं येत नव्हती ती नव्हतीच. हंगाम संपत आला. आणि मग मी तो घोटाळा केला, जो साताऱ्याकडच्या शिक्षिकेशिवाय जर्मनीत कोणी केला नसता.

आपल्या शाळेत इतिहासाच्या बाईच्या डोक्यात वर्षाच्या जयंत्या पाठ असतात. तसबीर पुसायची, हार घालायचा, उदबत्ती लावायची, दोन मुलांची भाषणं, मुख्याध्यापकांचं तिसरं, मग खाऊ. सप्टेंबरात वेंडलरची जयंती होती आणि गावात कोणाला पत्ता नव्हता. मला ते बघवेना. बागकामाच्या दुकानात झेंडूची रोपं ट्रेने मिळतात. मी तीन ट्रे आणले आणि स्वयंपाकघरात बसून फुलं खुडायला लागले. रेवा दारात उभी राहून बघत होती. "मामा, दास माख्ट मान निश्त," ती म्हणाली, म्हणजे असं करत नसतात. मी म्हटलं, "आपण करतो." चांगला घसघशीत हार झाला. सकाळी पहिल्या बसच्या आधी जाऊन मी तो वेंडलरच्या गळ्यात घातला, हात जोडले आणि घरी येऊन चहा केला.

आता इथली एक चाल सांगते, जी मला माहीत नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाला पेंटेकॉस्टचा सण येतो, त्याला इथे फिंग्स्टन म्हणतात. जनावरं कुरणात न्यायची तेव्हा पुढच्या बैलाला फुलापानांनी मढवायची जुनी रीत होती. म्हणजे आपला पोळाच. पण इथे माणसाला 'फिंग्स्टनच्या बैलासारखा सजलाय' म्हणणं म्हणजे त्याची उघड टिंगल. पहिल्या बसला उभ्या असलेल्या लोकांनी बघितलं की कोणीतरी वेंडलरचा बैल केला आहे.

निम्म्या गावाने पोट धरून हसून घेतलं. उरलेल्या निम्म्याला, आणि ही खरी गंमत, राग आला. शिव्या आम्ही देतो, आमचा माणूस आहे. त्याची टिंगल कोण करतो? नगरपालिकेत फोन गेले. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: झेंडूच्या हारातला वेंडलर, आणि खाली प्रश्न की हा खोडसाळपणा कोणाचा. मी पेपर घेऊन फ्राऊ केलरकडे गेले.  आता गाइडपणा संपला असंच धरून चालले होते.

"मी घातला," मी म्हटलं.

"का?"

"त्याचा वाढदिवस होता. आमच्याकडे मोठ्या माणसाला त्या दिवशी हार घालतात."

फ्राऊ केलरनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गावात इतक्या पिढ्या राहून," त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा वाढदिवस कधी असतो हे मला माहीत नाही." आणि त्यांनी स्वतः वर्तमानपत्राला फोन लावून सगळं सांगितलं.

पुढे आठवडाभर पेपरात पत्रांचा पाऊस. हार चांगला की वाईट इथून सुरुवात झाली आणि गाडी रेल्वेवर आली. वेंडलर चुकला, वेंडलर बरोबर होता, पूल तेव्हा परवडला असता, नसता परवडला. जे भांडण बस थांब्यावर पुटपुटण्यात मुरलं होतं ते मोठ्याने सुरू झालं. आणि भांडायला माणसं माझ्या फेरीला आली. त्या शनिवारी चौकात इतकी गर्दी होती की मला वाटलं दुसरा काही कार्यक्रम आहे. पुढच्या वर्षी, जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यात, तर बाहेरगावचे लोकही यायला लागले. बोलिंग खेळणाऱ्यांचं एक मंडळ आलं, सकाळपासून बिअर पिऊन. त्यांतला एक लठ्ठ गृहस्थ मध्येच चौकातल्या एका पिंपावर उभा राहून वेंडलरचं १८४८ चं भाषण करायला लागला, आणि खरं सांगते, वाईट केलं नाही. एक बाई आपल्या लांबोळ्या कुत्र्याला घेऊन यायच्या आणि हौदापाशी मला थांबवून आधी त्याला पाणी पाजायच्या. म्हणायच्या, "हा पण वेंडलरच्या बाजूचा."

मी हरखून गेले होते. आणि नेमकं तेव्हाच पर्यटन कचेरीत हेर डॉक्टर लांग आले.

ते गावातल्या गिमनाझियमचे, म्हणजे हायस्कुलाचे, निवृत्त इतिहासशिक्षक. माणूस लाखात एक. जर्मन अशी बोलत की ऐकत राहावं. वेंडलरबद्दल माझ्याहून दसपट जास्त वाचलेलं. त्यांनी प्रस्ताव दिला की ही फेरी पोशाखात करावी. म्हणजे त्यांनी स्वतः उंच टोपी, काळा कोट घालून वेंडलर व्हायचं आणि मीच तो असं बोलायचं. अशा पोशाखी फेऱ्या जर्मनीत फार चालतात. फ्राऊ केलरनी मला बोलावलं. त्यांना अवघड वाटत होतं ते दिसत होतं.

"फ्राऊ यागताप, तुम्ही ही फेरी उभी केलीत. पण आता लोक खूप येतात. काहींना वाटतं की इथल्या माणसाकडून ऐकावं. आणि पोशाखाचं म्हटलं तर, तुम्ही..."

"मी वेंडलर दिसणार नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि ओशाळल्या.

घरी येऊन मी रडले. श्रीकांत चिडले, "सरळ सांग, हे चालणार नाही म्हणून." पण काय सांगणार? डॉक्टर लांग माझ्याहून चांगले होते, हे मला दिसत होतं. वेंडलर पडेल होता तेव्हा माझा होता. आता त्याला बरे दिवस आले तर तो त्यांचा झाला. तरी मी फ्राऊ केलरना एवढं विचारलं की एक फेरी दोघांनी निम्मी निम्मी करू, लोकांना काय वाटतं बघा, मग ठरवा. त्यांनी ते मान्य केलं.

ऑक्टोबरातला शनिवार. थंडी पडली होती. गावातली माणसं मुद्दाम आली होती, हेर बॉयर्ले अर्थातच पुढे. डॉक्टर लांग उंच टोपीत आले आणि पहिली निम्मी फेरी त्यांनी केली. काय बोलले! गेर्बरगास्से, शिष्यवृत्ती, पिंप, किल्ला. कैदेचं सांगताना त्यांनी टोपी काढली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. बॉयर्लेंनी आपला ठरलेला प्रश्न टाकला. "पाणी दहा वर्षांनी आलंच असतं. रेल्वे एकदाच येते. का नाही आणलीत?"

डॉक्टर लांग वेंडलरच्या आवाजात हसले. "ती माझी चूक झाली, मित्रा. मोठी माणसंही चुकतात." सगळे हसले, टाळ्या पडल्या. बॉयर्ले हसले नाहीत. असं काही हातात आल्यावर काय करायचं ते न कळल्यासारखे उभे राहिले.

मग माझी पाळी. चौकातल्या हौदापाशी मी उभी राहिले. पाण्याचं सांगितलं, विहिरींचं सांगितलं, गावसभेचं सांगितलं. माझी व्याकरणाची एक-दोन मोडतोड झाली. बॉयर्लेंनी तोच प्रश्न मला टाकला, शब्दही तेच. या प्रश्नाला मी दीड वर्ष पुस्तकांतून उत्तरं देत आले होते. त्या दिवशी मी धंद्याचा मोठा नियम मोडला.

"हेर बॉयर्ले," मी म्हटलं, "मी ज्या गावात वाढले तिथे रेल्वे आधी आली. स्टेशन होतं. फलाटाच्या टोकाला वाकड्या मानेचा एक लोखंडी खांब होता. कोळशाचं इंजिन त्याच्याखाली येऊन थांबायचं, माणूस साखळी ओढायचा आणि इंजिनाच्या टाकीत पाणी धबाबा पडायचं. रेल्वेने ते लांबच्या नदीवरून नळ टाकून आणलं होतं, इंजिनासाठी. गावाला नळ नव्हता. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की टाकी भरून जे वाहायचं, त्याच्याखाली आम्ही घागरी लावायचो. माझी आई दुपारच्या गाडीची वाट बघत रुळांजवळ उभी असायची. गाडीतून कोणी येणार म्हणून नव्हे. आमच्या गावात इंजिनाला पाणी होतं, माणसांना नव्हतं."

 मला थांबता येईना.

"तुम्ही म्हणता पाणी दहा वर्षांनी आलं असतं. आमच्याकडेही आलं, मी मोठी झाल्यावर. तोवर माझा एक धाकटा भाऊ जुलाबांनी गेला. आणि रेल्वेचा आम्हाला उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पोरं त्याच गाडीत बसून गाव सोडून गेली, जिथे नळ होते तिथे. वेंडलर चुकला नाही. तुमच्या गावाने त्याला बस थांब्यावर उभं करून शिव्या द्याव्यात, तो ऐकून घेईल. पण तो चुकला असं मी म्हणणार नाही. कोणीही विचारलं तरी म्हणणार नाही."

  बॉयर्ले म्हणाले, "तरी पहाटेची पहिली बस बर्फात मलाच काढायला लागायची."

"हो," मी म्हटलं. "ते खरं आहे."

फेरी संपल्यावर फ्राऊ केलरनी लोकांना उघडच विचारलं. बहुतेकांनी डॉक्टर लांग यांच्या भाषेची तारीफ केली, पोशाखाची केली, आणि ती योग्यच होती. मी मफलर गुंडाळून बाजूला उभी होते. मनात म्हटलं, हरायचं असेल तर अशा माणसापुढे हरावं. तेवढ्यात बॉयर्ले पुढे झाले.

"डॉक्टर लांग छान बोलतात," ते म्हणाले. "पण मी म्हटलं वेंडलर चुकला, तर ते म्हणतात हो, चुकला. मग मी घरीच बसतो की. मला तिकीट काढून माझंच मत कशाला ऐकायचं?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "ही बाई दीड वर्षात एकदाही मला हो म्हणालेली नाही. या गावात वेंडलरची बाजू घेणारं हे एकच माणूस आहे. तिला काढलंत तर त्याच्या बाजूने कोण राहतं?"

डॉक्टर लांग यांनी टोपी काढून हातात घेतली. जरा वेळ ती फिरवत राहिले. मग फ्राऊ केलरना म्हणाले, "मी रातपहारेकऱ्याची फेरी घेतो. कंदील मला शोभेल." आणि माझ्याशी हात मिळवला, अगदी घट्ट. त्यानंतर आमची मैत्री झाली ती ते गेले तोवर टिकली. माझं जर्मन सुधारलं ते त्यांच्यामुळे.

फ्राऊ केलरनी तिथेच सांगितलं की फेरी माझी, आणि मी कायम. पुढे निवृत्त होईपर्यंत मी ती केली. आयुष्यात मला काही मान मिळाले, शाळेतही मिळाले होते. पण परक्या गावाने आपला पुढारी माझ्या स्वाधीन केला, त्याचा मला जो अभिमान वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही. त्या दिवशी चौकातूनच मला श्रीकांतना फोन करायचा होता आणि बोटं गारठून आकडे दाबता येत नव्हते.

लोक पांगले. मी निघाले तशी बॉयर्लेंनी मागून हाक मारली. मला वाटलं अभिनंदन करतील. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"पुढच्या शनिवारी नीट तयारी करून या," ते म्हणाले. "नळाने पाणी आणलं, ठीक. पण सांडपाणी कुठे जाणार याचा विचार वेंडलरने केला होता का? गावभर चिखल झाला होता, माझे आजोबा सांगायचे."

मी घरी गेले, चहा टाकला आणि गटारांचं वाचायला बसले.